चांगला खपणारा पदार्थ कंपन्या बंद का करतात?

फोंड्यात बर्गर आणि रोलचं छोटं दुकान चालवणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे: "मोठ्या साखळी रेस्टॉरंटांत एखादा पदार्थ येतो, सहा-आठ आठवडे जोरात चालतो आणि लोकांना आवडायला लागला की गायब होतो. खपणारी वस्तू कोण बंद करतं? हा मुद्दाम केलेला तुटवडा असतो का? आणि माझ्यासारख्याने असं काही करून बघावं का?"

तुटवड्याचा खेळ असतो, नाही असं नाही. पण तो वरचा मुलामा आहे. मी या धंद्यात फ्रायरवर उभा राहून सुरुवात केली, मग पणजी-मडगावकडची दुकानं सांभाळली आणि नंतर बरीच वर्षं मेनू ठरवणाऱ्यांच्या बैठकीत बसलो. 'लोकांना जरा तरसवूया' हे वाक्य त्या बैठकीत क्वचितच ऐकलं. 'हे ठेवायचं कुठे?' हे मात्र दर बैठकीला ऐकलं.

आधी 'खपतो' म्हणजे काय ते बघू. काउंटरसमोर उभं राहिलेल्याला एवढंच दिसतं की नवा चिकन बर्गर धडाधड जातोय. हिशेब ठेवणारा वेगळं बघतो. समजा, दिवसाला शंभर नवे बर्गर गेले. त्यातले सत्तर जण तसेही आलेच असते आणि त्यांनी नेहमीचा बर्गर घेतला असता. म्हणजे खरी वाढ तीसच. सत्तर जणांना कंपनीने आपल्याच एका बर्गरवरून आपल्याच दुसऱ्यावर वळवलं. नव्याचा सॉस महाग, खोका वेगळा, जुळवायला चार सेकंद जास्त, त्यामुळे त्या सत्तरांवर नफा वाढायच्या ऐवजी घटूही शकतो. पहिल्या दोन आठवड्यांत हे परवडतं, कारण ते तीस जण खरोखर नवे असतात: जाहिरात बघून आलेले, कित्येक महिने न फिरकलेले, सोबत घरच्या चौघांना घेऊन आलेले. ते एक नवा बर्गर मागवतात आणि बरोबर फ्राइज, कोल्ड्रिंक, मुलांसाठी आइस्क्रीमही घेतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ही मंडळी ओसरतात. खप मात्र साठ-सत्तरवर टिकून राहतो, कारण नेहमीच्या गिऱ्हाइकाला आता चव लागलेली असते. बाहेरून वाटतं पदार्थ अजून जोरात आहे. आतल्या हिशेबात त्याचं काम संपलेलं असतं.

म्हणून तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आवडायला लागला की गायब होतो, कारण नेहमीच्या लोकांना तो आवडायला लागला म्हणजे नवे लोक यायचे थांबले.

त्यातच किमतीची एक गंमत आहे. नेहमीच्या बर्गरची किंमत गिऱ्हाइकाला तोंडपाठ असते. तिच्यात दहा रुपये वाढवले की लगेच 'परवापर्यंत एवढ्याला होता' ऐकावं लागतं. नव्या पदार्थाला जुनी किंमतच नसते. त्यामुळे तो वीस-तीस रुपये चढ्या दराने बसवता येतो आणि कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. हाच पदार्थ वर्षभर ठेवला तर वर्षाने त्याचीही किंमत पाठ होते आणि ही मोकळीक जाते.

आता स्वयंपाकघर. अशा दुकानाच्या आत कधी डोकावला असाल तर बर्गर जुळवायचं स्टीलचं लांब टेबल दिसलं असेल. त्याच्या वरच्या कडेला खाचांत बसवलेले डबे असतात: लेट्यूस, कांदा, टोमॅटोच्या चकत्या, चीज, हालापिन्यो मिरची. शेजारी सॉसच्या गन टांगलेल्या. खटका एकदा दाबला की ठरलेल्या वजनाचाच सॉस पडतो. मागे गरम कपाट, त्यात तळलेल्या पॅटींचे ट्रे. प्रत्येक ट्रेला टायमर. पॅटी कुठली त्यावर मिनिटं ठरलेली असतात. ती संपली की पॅटी चांगली दिसत असली तरी फेकायची आणि वेस्टेजच्या तक्त्यात लिहायची. टेबलावरचा मुलगा रात्री साडेआठच्या गर्दीत डब्यांकडे बघत नाही. हात आपोआप जातो. दोन डब्यांची अदलाबदल केली तर पुढचे चार दिवस चुकीचे बर्गर बाहेर येतात.

अशा टेबलावर नवा पदार्थ आणायचा तर एक डबा, एक गन, गरम कपाटातला एक कप्पा, डीप फ्रीजरमधली खोक्यांची एक रांग आणि बिलिंगच्या पडद्यावर एक बटण हवं. रिकामं यातलं काहीच नसतं. कोणाला तरी उठवल्याशिवाय नव्याला बसता येत नाही. शिवाय आपल्या देशात शाकाहारी आणि मांसाहारी कामाची जागा, भांडी, तेल सगळं वेगळं ठेवावं लागतं. मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये दिल्ली-मुंबईत पहिली दुकानं उघडली तेव्हापासून स्वयंपाकघराचे असे दोन भाग केलेले आहेत. म्हणजे अमेरिकेतल्या दुकानाला जी जागा एकदा शोधावी लागते ती इथे दोनदा शोधावी लागते, कारण चिकनचा नवा बर्गर आणला की जोडीला पनीरचा आणावाच लागतो. नाहीतर पाच जणांच्या टोळक्यातला एक शाकाहारी 'मला काय आहे?' विचारतो आणि पाचही जण दुसरीकडे जातात.

यात सगळ्यात जास्त पैसा मंद खपाच्या पदार्थात जळतो. जेवणाच्या वेळी सगळंच खपतं. दुपारी तीन ते साडेपाच या वेळात गरम कपाटात ठेवलेल्या चार नव्या पॅटींपैकी एक विकली जाते आणि तीन कचऱ्यात जातात. पदार्थ लोकप्रिय असेपर्यंत हे प्रमाण आटोक्यात राहतं. खप उतरला की त्याच पदार्थाची वेस्टेज सर्वांत वर दिसायला लागते.

मोठ्या कंपन्यांनाही हे जड जातं याची दोन अमेरिकी उदाहरणं सांगतो. मॅकडोनाल्ड्सने ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेत दिवसभर नाश्ता द्यायला सुरुवात केली. लोकांची ही कित्येक वर्षांची मागणी होती आणि प्रतिसादही जोरदार आला. पण दुपारच्या बर्गरच्या गर्दीत अंड्यांसाठी ग्रिल अडकवून ठेवणं दुकानं चालवणाऱ्यांना नकोसं व्हायचं. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे मेनू आटोपशीर करायची वेळ आली तेव्हा पहिला बळी दिवसभराच्या नाश्त्याचा गेला आणि महासाथ ओसरल्यावरही तो देशभरात परत आला नाही. दुसरं उदाहरण टॅको बेल या साखळीच्या मेक्सिकन पिझ्झाचं. मांसाच्या जागी राजम्यासारख्या बीन्सचं सारण घालून तो शाकाहारी करून मिळायचा, त्यामुळे अमेरिकेतल्या आपल्या लोकांचा तो जीव की प्राण. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने तो काढला. मेनू सुटसुटीत करायचा होता आणि त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कचराही कमी करायचा होता. लोकांनी सह्यांची मोहीम चालवली. मे २०२२ मध्ये पिझ्झा परत आला आणि मागणी पूर्वीच्या कित्येक पट निघाल्याने काही आठवड्यांत संपलाही. मग सप्टेंबर २०२२ मध्ये, पुरवठ्याची नीट घडी बसवून, तो कायमचा मेनूत घेतला. दीड वर्ष नव्हता म्हणून मागणी तेवढी फुगली, हे खरं. पण काढताना कंपनीचा तो डाव होता असं मला वाटत नाही. नंतर फायदा झाला म्हणजे आधीच ठरलेलं होतं, असं धरून चालायची आपल्याला सवय आहे.

खरेदीची बाजू बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. सॉस बनवणारा कारखाना तुमच्यासाठी शंभर किलो बनवत नाही. त्याच्या टाकीची एक घाणी काही टनांची असते, तेवढी उचलायची तयारी हवी. खोक्यांच्या छपाईचं तेच, गोठवलेल्या पॅटीचंही तेच. म्हणून कंपनी आधी अंदाज बांधते: एवढी दुकानं, दिवसाला एवढे नग, इतके आठवडे. त्या हिशेबाने माल एकदाच मागवते. म्हणजे पदार्थ कधी बंद होणार हे तो पहिल्या गिऱ्हाइकाच्या तोंडात जायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. तो खूप आवडला म्हणून मुदत वाढवायची म्हटलं तर पुन्हा एक आख्खी घाणी मागवावी लागते, ती यायला काही आठवडे लागतात आणि तोवर लोकांचा उत्साह टिकेल याची खात्री कोणी देत नाही.

गोव्यातल्या दुकानांना हे जास्त जाणवतं. आमचा गोठवलेला माल राज्याबाहेरच्या गोदामातून रेफ्रिजरेटेड ट्रकने यायचा. पावसाळ्यात घाटात दरड आली की ट्रक अडकायचा. मोहिमेचा शेवटचा आठवडा तर बघण्यासारखा असतो. पॅटी उरली आहे पण सॉस संपला. शेजारच्या दुकानात सॉसच्या दोन पेट्या आहेत पण खोके नाहीत. सकाळपासून फोन सुरू: "म्हापशाला सॉस किती आहे?" "दोन पेट्या, पण एक फुटलेली." मग कोणाच्या तरी स्कूटरच्या पुढ्यात एक पेटी म्हापशाहून पणजीला यायची, पणजीची खोकी मडगावला जायची. तारीख रविवारची जाहीर केलेली असली तरी शुक्रवारी संध्याकाळीच निम्म्या दुकानांत 'संपला' ची पट्टी लागायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, बघा, मुद्दाम संपवला. खरं तर मॅनेजर मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकत असायचा, कारण उरलेल्या सॉसचा डेड स्टॉक त्याच्या नावावर चढायचा टळला.

अंदाज चुकला की काय होतं याचा नमुना पोपाइजचा. या अमेरिकी साखळीने १२ ऑगस्ट २०१९ ला चिकन सँडविच देशभर आणलं. ते तात्पुरतं ठेवायचा बेतच नव्हता. सप्टेंबरअखेरपर्यंत पुरेल म्हणून मागवलेला माल दोन आठवड्यांत संपला आणि नोव्हेंबरपर्यंत सँडविच मिळालं नाही. जगभर याचं वर्णन 'हुशार टंचाई' असं झालं. माझ्या मते तो साधा चुकलेला अंदाज होता, नशिबाने फायद्यात गेलेला.

मॅकरिबचं प्रकरण याहून जुनं आणि गाजलेलं. डुकराचं मांस बारीक करून बरगडीच्या आकारात दाबलेली पॅटी, वर बार्बेक्यू सॉस, कांदा, काकडीचं लोणचं. मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत ते १९८१ मध्ये आणलं. त्याच सुमारास चिकन नगेट्सना इतकी मागणी आली की सगळ्या दुकानांना पुरेसं चिकन मिळेना. ज्यांच्या वाट्याला नगेट्स येत नव्हते त्यांच्या हातात काहीतरी नवं द्यायला कंपनीचे शेफ रेने अरेंड यांनी हे तयार केलं. म्हणजे जन्मच पुरवठ्याच्या अडचणीतून. १९८५ मध्ये ते मेनूतून काढलं, पुढे अधूनमधून आणलं, २००५ पासून सलग काही वर्षं 'निरोपाचा दौरा' म्हणून विकलं आणि २०२२ मध्ये पुन्हा निरोप दिला. एवढ्या वेळा निरोप आपल्याकडे फक्त राजकारणी घेतात. मांस स्वस्त झालं की मॅकरिब येतं, असा एक सिद्धान्त लोकांनी डुकराच्या बाजारभावाशी ताळा घालून मांडला आहे. मला तो अर्धाच पटतो. तेरा हजारांहून जास्त दुकानांसाठी एकदम मांस उचलायचं तर भाव बघावाच लागेल. वर्षभर उचललं तर बाजारभाव त्यांच्या स्वतःच्याच खरेदीने चढेल. पण जाहिरात, छपाई, पॅटीचं उत्पादन यांची तयारी काही महिने आधी सुरू होते, तेव्हा आज भाव पडला म्हणून उद्या मॅकरिब, असं होत नाही. आणि जर्मनीत हेच मॅकरिब बारा महिने मिळतं. तिथे डुकराचं मांस रोजच्या खाण्यातलं आहे, मागणी स्थिर आहे, त्यामुळे टेबलावरची जागा त्याने कमावलेली आहे. पदार्थ तोच असला तरी तो तात्पुरता की कायमचा हे तिथलं गिऱ्हाईक आणि तिथलं टेबल ठरवतं.

सणवार हा या सगळ्यातला सोपा भाग, कारण तिथे मागणी कधी चढणार आणि कधी उतरणार हे पंचांगच सांगतं. अमेरिकेत सेंट पॅट्रिक दिवसाच्या (आयरिश लोकांचा मार्चमधला सण) सुमाराला मॅकडोनाल्ड्सचा हिरवा शेक १९७० पासून येतो. जपानमध्ये आपल्या कोजागिरीसारखी चंद्र बघायची प्रथा आहे; तिथे १९९१ पासून दर शरदात अंडं घातलेला 'त्सुकिमी' बर्गर येतो, त्यातलं अंडं म्हणजे चंद्र. आपल्याकडे नवरात्रात आणि श्रावणात साखळ्या शाकाहारी पदार्थ पुढे करतात. गोव्यात श्रावण पाळणारी हिंदू घरं चवथ म्हणजे गणेश चतुर्थी होईपर्यंत नुस्त्याला, म्हणजे मासळीला, शिवत नाहीत आणि ख्रिस्ती घरांत ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मांस टाळणारे असतात. एकाच गावात दोन वेगवेगळ्या महिन्यांत खप हलतो, हे बाहेरून नवा बदलून आलेल्या एरिया मॅनेजरला समजावताना माझी पुरेवाट व्हायची.

या उपवासातूनच एक कायमचा पदार्थ जन्माला आला, तो सांगण्यासारखा आहे. सिनसिनाटी शहरातल्या कॅथलिक वस्तीत मॅकडोनाल्ड्सचं दुकान चालवणारे लू ग्रोएन शुक्रवारी हात बांधून बसायचे, कारण त्या दिवशी कोणी मांस खायचं नाही. त्यांनी माशाचं सँडविच बनवलं. कंपनीचे मालक रे क्रॉक यांना मासा पसंत नव्हता. त्यांनी अननसाची चकती घातलेला स्वतःचा शाकाहारी बर्गर पुढे केला. १९६२ च्या गुड फ्रायडेला दोन्ही विकायला ठेवले, जास्त खपेल तो राहील असं ठरलं. मासा तीनशे पन्नास गेला, अननस सहा. १९६५ मध्ये 'फिले-ओ-फिश' देशभर आलं आणि अजून आहे. हंगामी गरज भागवायला आणलेला पदार्थ कायमचा होऊ शकतो, फक्त हंगाम सरल्यावरही त्याने दुपारचे ते मंद तास तरून दाखवायला हवेत.

हंगामाबद्दल लोकांचा एक गैरसमज मात्र काढायला हवा. उन्हाळ्यात येणारे आंब्याचे शेक, सॉफ्टी आंब्याच्या हंगामामुळे येतात असं वाटतं. साखळ्यांत वापरतात तो गर बहुतेक तोतापुरीचा किंवा हापूसचा, निर्जंतुक पिशव्यांत भरलेला. तो वर्षभर टिकतो, वर्षभर मिळतो. डिसेंबरात आंब्याचा शेक द्यायला अडचण काहीच नाही, फक्त डिसेंबरात कोणाला आंबा आठवत नाही. मानकुरादचा तर प्रश्नच येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला डझनाला हजारांच्या भाषेत बोलणारा आंबा सॉफ्टीत कोण घालणार? तसंच माशाचं. ट्रॉलरबंदी १ जून ते ३१ जुलै असते, त्या दिवसांत मडगावच्या बाजारात विसवण औषधालाही सापडत नाही, पण साखळीतला फिश बर्गर खुशाल मिळतो, कारण त्यातलं गोठवलेलं मासे-मांस गोव्याच्या समुद्राशी नातं सांगत नाही. निसर्गामुळे खरोखर अडलेलं एक उदाहरण टोमॅटोचं. जुलै २०२३ मध्ये भाव भडकले, चांगला माल मिळेना, तेव्हा उत्तर आणि पूर्व भारतातल्या मॅकडोनाल्ड्सने बर्गरमधून टोमॅटोच काढून टाकला आणि तशी पाटी लावली. मग इतरांनीही तो मार्ग धरला.

मुद्दाम तुटवडा करून कंपनी तोंडावर आपटते तेही पाहिलंय जगाने. १९९८ मधला एक सेचुआन सॉस टीव्हीवरच्या एका मालिकेमुळे पुन्हा लोकांच्या तोंडी आला. ७ ऑक्टोबर २०१७ ला मॅकडोनाल्ड्सने एका दिवसासाठी तो आणला. दुकानांना मोजक्या पुड्या दिल्या होत्या आणि काही ठिकाणी एकही नव्हती. तासन्‌तास रांगेत राहिलेले लोक चिडले, काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. कंपनीला माफी मागावी लागली आणि पुढच्या फेब्रुवारीत तब्बल दोन कोटी पुड्या काढाव्या लागल्या. काउंटरवर उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने त्या दिवशी काय ऐकून घेतलं असेल, याची कल्पना मला चांगली करता येते. म्हणून टंचाईची भाषा जाहिरातीतच बरी. दुकानात माल हवा.

आणखी एक कारण कोणी उघड बोलत नाही. 'काही काळापुरता' असं आधीच लिहिलेलं असलं की पडलेला पदार्थ अब्रूनिशी उतरवता येतो. दहांतले बरेच पदार्थ पडतात. कायमचा म्हणून आणून तीन महिन्यांत काढला तर हरल्याची चर्चा. मुदतीचा असेल तर मुदत संपली, विषय संपला. नवीन चवीची चाचणी घ्यायची तर याहून सोयीचं दुसरं काही नाही. तिखटाचं प्रमाण, नव्या ब्रेडचा पोत, काळा बन लोक खातात का, हे सगळं असंच तपासलं जातं. कायमच्या मेनूत पुढे दिसणाऱ्या कित्येक गोष्टी आधी अशा वेषांतरात येऊन गेलेल्या असतात.

आता तुमचं दुकान. तुम्हाला टनभर सॉस मागवायचा नाही, तुमचं टेबल तुमच्या हाताखाली आहे, खोकी छापायची नाहीत. दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असणाऱ्यांना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहाव्या लागतात, तीही कटकट तुम्हाला नाही. कंपनीला ज्या गोष्टी महिन्यांनी जमतात त्या तुम्ही आठवड्यात करू शकता. आणि निसर्गाचा हंगाम, जो त्यांना वापरताच येत नाही, तो तुमच्या दारात आहे.

करून बघाच, पण साहित्यात एकच नवी गोष्ट येऊ द्या. बाकी सगळं तुमच्याकडे आधीच असलेलं वापरा: तोच पोदेराचा (पाववाल्याचा) पाव, तेच तेल, तीच चटणी. जून-जुलैत नुस्त्याची ओढ लागलेली असते तेव्हा सुक्या बांगड्याची किसमूर (सुकी मासळी आणि खोबऱ्याची कोशिंबीर) पावात घालून द्या. पुरुमेंताच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या वेळी, घेतलेलं सुकं टिकतं, खराब व्हायची भीती नाही, उरलं तर पुढच्या आठवड्यात चालतं. वास मात्र सांभाळा, शेजारचा टेबलवाला व्हेज रोल खात असेल तर तो परत यायचा नाही. श्रावण लागला की किसमूर थांबवा, चवथ संपेपर्यंत आणू नका. पावसाळ्यात हळदीची पानं मिळतात तोवर शनिवारी त्या पानांत उकडलेल्या गोड पातोळ्यो ठेवा. बेबिंका (थरांचा गोड केक) बघा, एकेकाळी नाताळातच व्हायची, आता पर्यटकांसाठी बारा महिने विमानतळावर मिळते आणि २०२३ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे; पातोळी मात्र पान नसेल तर होतच नाही. तिची मुदत ठरवायला तुम्हाला पाटी लावावी लागणार नाही.

तारखेपेक्षा नग ठरवा. 'रोज तीस, संपले की संपले' हे छोट्या दुकानाला झेपतं, कारण वेस्टेज राहत नाही आणि पाच वाजता संपलं तर खरोखरच संपलेलं असतं. मात्र ते तीस पहिल्या तासात जात असतील तर दुसऱ्या दिवशी चाळीस करा. मुद्दाम तीसवर अडवून धरलंत तर तुमच्या गावात ते दोन दिवसांत कळतं. मोठ्या कंपनीचं गिऱ्हाईक अनोळखी असतं, तुमचं जत्रेत भेटतं.

तुमचा हंगामही पर्यटकांच्या हंगामाशी जोडू नका. कळंगुटच्या शॅकवाल्याचं वेगळं आहे. मे संपता संपता त्याचा शॅकच उतरवला जातो, त्याचा आख्खा मेनू तात्पुरता. फोंड्यात तुमच्याकडे येणार ते फर्मागुडीच्या कॉलेजची मुलं, कुंडई-बेतोड्याच्या कारखान्यांतले कामगार आणि मंगेशी-म्हार्दोळ-कवळ्याला देवदर्शन करून परतणारी कुटुंबं. कॉलेजच्या परीक्षांत आणि मे महिन्याच्या सुट्टीत नवीन काही सुरू करू नका, चव लागायला माणसंच नसतील. देवळातून येणारे आधी शाकाहारी विचारतात, तेव्हा नवा पदार्थ चिकनचा असेल तर जोडीचा एक शाकाहारी ठेवाच. कारखान्याच्या पाळ्या सुटायच्या वेळा माहीत करून घ्या, तुमचे दुपारचे मंद तास तिथेच भरून निघतील.

भाव नेहमीच्या रोलपेक्षा दहा-पंधरा रुपयांनी जास्त ठेवायला लाजू नका. आणि हिशेब वेगळ्या वहीत ठेवा: नवा पदार्थ किती गेला हे एका रकान्यात, त्या दिवशी नेहमीचा चिकन रोल किती कमी गेला हे शेजारच्या रकान्यात. महिनाभराने दोन्ही रकाने बघितले की तुम्हाला कोणाला विचारायची गरज पडणार नाही. बंद केल्यावर पुढचे पंधरा दिवस तो पदार्थ कोण मागतं तेही लिहा. मागणारे रोजचेच असतील तर त्यांना नेहमीचा रोल चालतो, घाई नाही. दुकानात त्या एकाच पदार्थासाठी आलेला, नाही म्हटल्यावर काही न घेता परत गेलेला माणूस किती वेळा दिसला ते मोजा. आठवड्याला पाच-सहा दिसले तर तो पदार्थ परत आणा, आणि त्याच्यासाठी टेबलावरून कोणत्या पदार्थाला उठवायचं ते आधी ठरवा.